अकरा नव्हे, बारा

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी राजघराण्याच्या समाधी-भुयाराचे कुलूप बदलण्यात आले. जबाबदार : विश्वस्त मंडळाचे कार्यवाह.

वटपौर्णिमेनंतरच्या सोमवारी त्या भुयारातील बाराव्या शिळेला ड्रिलने चार भोके पाडून तिच्यावर विजेची लोखंडी पेटी बसवण्यात आली. जबाबदार : कामाचा ठेकेदार, आणि काम नियमाप्रमाणे झाले असे लिहून देणारे जतन-खात्याचे अभियंते.

नागपंचमीला दाराशी काळ्या दगडाची गुळगुळीत पाटी लागली. आत कोण कोण आहे त्यांची नावे तिच्यावर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. नावे अकरा आहेत. जबाबदार : वरील सर्व.

हे तिन्ही दिवस गेल्या वर्षातले. त्यांच्या मुळाशी एक चौथा दिवस आहे. तो फार जुना आहे आणि त्या दिवसाला जबाबदार असलेला इसम प्रस्तुत लेखक आहे. दुसऱ्यांकडे बोट दाखवताना स्वतःचे नाव खिशात ठेवणे मला मान्य नाही. परंतु ती हकीकत तिच्या जागी येईल. आधी, ज्या बाईंसाठी हा कागद लिहितो आहे, त्यांना आपण पाहावे.

त्या पायऱ्या उतरून भुयाराच्या उंबऱ्याशी आल्या, की हातातला झाडू दगडावर दोनदा आपटत आणि आतल्या अंधारात आवाज देत, "आवं, मानसं आल्याती. सावरून बसा!"

मग थोडे थांबत. पाहुणा उतावळा असला आणि पाऊल पुढे टाकू लागला, तर झाडू आडवा येई. "येळ द्या की जरा. राण्या हाईत आत."

हा विनोद नव्हता, किंवा निव्वळ विनोद नव्हता. घराणे लहानसे, पूर्वीचे संस्थानिक, धर्माने लिंगायत. त्यांच्यात मृताला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याचे इष्टलिंग ठेवतात, सभोवती भस्म आणि बेल घालतात आणि जागा बंद करतात. इतरांसाठी हे मातीत होते. या घराण्याने विट्याच्या पूर्वेला, जिथे ऊस संपतो आणि कुसळाचे माळ सुरू होतात, तिथल्या एका टेकडीच्या पोटात दगडी भुयार खोदून घेतले. दोन्ही भिंतींत माणूस मांडी घालून बसेल एवढे खण केले. ज्याचा त्याचा खण शिळेने बंद केला आणि शिळेवर लिंग कोरले. तेव्हा आत जे आहेत ते निजलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर बसलेले आहेत, दरबार भरल्यासारखे. त्यांना सावरून बसायला सांगणारे कोणीतरी हवेच होते.

बाईंना सारे गाव आक्का म्हणे. त्या धनगराच्या. भुयाराची झाडलोट आणि दर सोमवारी प्रत्येक शिळेपुढे भस्माचे बोट व बेलाचे पान, ही सेवा त्यांच्या घरात सासूकडून सुनेकडे चालत आलेली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु बाराही जणांची ओळख त्या अशी करून देत, की ऐकणारा शिळेकडे पाहून नकळत हात जोडी.

"ह्ये मूळपुरुस. लय तापट. ह्येंच्याकडं पाट करू नगा, गेल्या साली एक मास्तर पाट करून हुबा ऱ्हायला, घरी जातोय तवर ताप."

"ह्ये लंगडं सरकार. मांडी घालाय येत नव्हती, म्हून खन रुंद केलाय. ऐसपैस हाईत."

"आन्‌ ह्ये शेवटचं. मोटारीतनं आनलं. चष्मा घालूनच बशीवलाय, त्येंचीच इच्छा. वाचत बसल्यात. आंदारात काय दिसतंय कुनास ठावं."

दोन राण्या एकमेकींच्या अगदी समोर आहेत. एकाच पुरुषाच्या दोघी. जिवंतपणी त्यांच्यात बोलणे नव्हते म्हणतात. आक्का त्या दोघींना बेल वाहताना मध्ये उभ्या राहत, दोन हातांत दोन पाने घेत आणि दोन्ही हात एकाच क्षणी दोन्हीकडे नेत. मी एकदा कारण विचारले. म्हणाल्या, "एकीला आदी दिलं की दुसरी आठवडाभर घुमसती. मग मला झोप न्हाई."

आता चौथा दिवस.

घराण्याच्या दोन शाखांत भुयाराच्या मालकीचा दावा लागला होता. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका न्यायालयात तरुण कारकून होतो. जागेची पाहणी करण्यासाठी न्यायालयाने एक वकील कमिशनर म्हणून नेमले आणि लिहून घेण्यासाठी मला त्यांच्याबरोबर धाडले. कमिशनरसाहेबांना वटवाघळांच्या वासाने खोकला सुरू झाला. ते पायऱ्यांवर छत्री उघडून बसले आणि म्हणाले, "तुम्ही मोजून या. मी सही करतो."

मी कंदील घेऊन आत गेलो आणि मोजले. लिंग कोरलेल्या शिळा अकरा भरल्या. शेवटाला, दाराच्या डाव्या अंगाला, एक शिळा सपाट होती. तिच्यावर काही नव्हते. खाली पणतीपुरती खाच.

"बारा," आक्का मागून म्हणाल्या. त्या तेव्हा पस्तिशीच्या असतील.

"खूण अकरांवरच आहे."

"तिच्यावर कशी आसंल? ती आमच्यातली."

मग त्यांनी मला ती हकीकत सांगितली. ती त्यांच्याच शब्दांत देतो, कारण मी त्या दिवशी ती लिहून घेतली नाही.

"गादीचं प्वार चार दिसांचं, आन्‌ आई गेली बाळतपनात. भावबंद टपल्यालं. आमच्या घरची एक वल्ली बाळतीन व्हती, तिचं लेकरू गेल्यालं. तिनं त्ये प्वार वटीत घातलं आन्‌ मेंढरांमागं निगाली. म्हसवडाकडं, माळांनी. धनगराच्या तळावर राजा कोन हुडकतंय? चार पावसाळं पाजलं, फिरिवलं. प्वार मेंढरावानी ब्यँ करायचं म्हनं, पर जित्तं ऱ्हायलं. म्होरं गादीवर बसलं. ती मेली तवा राजा म्हनला, हिला माझ्यात बशीवनार. स्वामी म्हनलं, गळ्यात लिंग न्हाई, शिळंवर कोरता येनार न्हाई. राजा म्हनला, नगा कोरू. बशीवनार मातुर."

मी काय म्हणालो, ते मला अक्षरशः आठवते. मी म्हणालो, "हे तोंडी झाले. कागद आहे का?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की तो कंदील मला माझ्याच तोंडासमोर धरल्यासारखा वाटला. "सायब, शिळा लावलीया की. रिकाम्या घराला कोन दार लावतंय?"

वाचकहो, हा प्रश्न आजही तसाच उभा आहे. परंतु त्या दिवशी माझ्याकडे लेखणी होती. मी लिहिले : 'समाध्या एकूण अकरा. याखेरीज एक कोनाडा, बिनवापराचा, दगडाने बंद. त्यापुढे दिवा ठेवण्याची जागा.' दाव्याचा प्रश्न मालकीचा होता. आत किती जण बसले आहेत, याचे कोणत्याही शाखेला सोयरसुतक नव्हते. दोघांनीही हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती एकाच माणसाने. पंच म्हणून अंगठा देण्याआधी आक्कांनी मला सगळे मोठ्याने वाचायला लावले. ऐकले आणि शाईचा डबा माझ्याकडे परत सारला.

"खोट्याला माजा अंगटा लागनार न्हाई."

मी तेही नोंदवले. 'सदर इसमाने अंगठा देण्यास नकार दिला.' माझी नोंद किती निर्दोष आहे, याचा त्या वेळी मला अभिमान वाटला होता.

नोकरी संपली. मी कोरेगावला स्थायिक झालो. एकदा विट्याला एका लग्नाला गेलो असता, वेळ होता म्हणून टेकडीकडे वळलो. आक्का पायऱ्यांवर बसून लोकर पिंजत होत्या. केस पांढरे झालेले. मला पाहून क्षणभरही न अडखळता त्या शेजारी बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "ह्ये आलं बगा अकरासायब. शिकल्यालं लय हाईत, पर मोजनी कच्ची."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, कारण दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

योगायोगाने त्याच दिवशी राजघराण्यातली नवी सून दर्शनाला आणली होती. बरोबर तिच्या सासूबाई, भरदार, करारी. आक्कांनी झाडू आपटला, आत आवाज दिला, वेळ दिला. मी मागे उभा राहिलो. नव्या सुनेने अकरा शिळांपुढे भस्म आणि बेल वाहिला. नंतर ती त्या सपाट शिळेपाशी आली, डोक्यावरचा पदर सारखा केला, गुडघ्यांवर बसली आणि करवंटीतले दूध त्या खाचेत ओतले. मग शिळेला कपाळ टेकून उठली आणि त्यानंतरच सासूच्या पाया पडली.

मी विचारले, "हे दूध कोणासाठी?"

सासूबाई माझ्याकडे, काय अडाणी माणूस आहे, अशा नजरेने पाहून म्हणाल्या, "दूधआईसाहेबांसाठी. आमच्यात नवी सून आधी दूधआईंना दूध पाजते, मग आमच्या पाया पडते. तिनं पाजलं नसतं, तर आम्ही कुठले?"

मी आयुष्यभर कायद्याच्या सावलीत बसलो आहे. वहिवाट म्हणजे काय आणि कबुली म्हणजे काय, हे मला समजते. राजघराण्याची सून पणतीच्या खाचेला दूध पाजत नाही. जी गोष्ट मी 'तोंडी' म्हणून झटकली, ती त्या घरात पिढ्यांमागून पिढ्या प्रत्येक लग्नात शाबीत होत आली होती. मी फक्त त्या दिवशी तिथे नव्हतो. आणि जिथे होतो, तिथे डोळे उघडून पाहण्याऐवजी कोरीव खुणा मोजत होतो.

सगळे गेल्यावर मी आक्कांना म्हणालो, "माझी चूक झाली."

"मला काय सांगताय? त्येस्नी सांगा."

त्यांनी मला मूळपुरुषापासून चालवत नेले. प्रत्येक शिळेला हात लावायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. मी म्हणालो. निवृत्त, चष्मेवाला, पांढऱ्या सदऱ्यातला मनुष्य, शाळेतल्या मुलासारखा. सपाट शिळेला हात लावून मी 'बारा' म्हणालो. दगड गार होता आणि दुधाने ओला होता.

"आता लिवा," आक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी लिहितो आहे. माझ्या जुन्या नोंदीत चूक आहे, असे शपथेवरचे प्रतिज्ञापत्र मी केले. भुयाराचा ताबा असलेल्या विश्वस्त मंडळाला पत्रे पाठवली, जतनाचे काम हाती घेतलेल्या खात्याला पाठवली, पोचपावत्या जपल्या. बऱ्याच काळाने खात्याचे उत्तर आले. ते मी कोणाला दाखवले, की लोक हसतात आणि मी हसू शकत नाही. खात्याने लिहिले होते, की समाध्यांची संख्या न्यायालयीन पंचनाम्यावरून अकरा अशी निश्चित झाली आहे, आणि 'सदर नोंद घेणाऱ्या लेखनिकाच्या सचोटीविषयी शंका घेण्यास कोणतेही कारण दिसून येत नाही.'

मीच तो लेखनिक, असे मी उलट टपाली कळवले. त्याला उत्तर नाही.

आक्कांना मी ते पत्र वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमी खोटं लिवलं तवा तुमी खरं, आन्‌ खरं लिवताय तवा तुमी कोन?"

"असेच."

"ब्येस हाय कायदा तुमचा."

शेवटी माझ्या अर्जांच्या चळतीला कंटाळून असेल, पण खात्याच्या कचेरीत सुनावणी लागली. अधिकारी तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी विचारले, "बारावी व्यक्ती होती, तर तिचे नाव काय?"

मला माहीत नव्हते. आक्कांच्या घरात ते नाव सासू आपल्या सुनेला सांगते, भुयारात, शिळेपाशी, एकदाच. बाहेर कोणी उच्चारत नाही. मी आक्कांकडे पाहिले. त्या खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, मांडीवर घोंगडीची घडी. त्या उठल्या. दोन्ही हात टेबलावर टेकले आणि भर कचेरीत, शिपाई आणि ठेकेदाराच्या माणसांसमोर, ते नाव मोठ्याने म्हणाल्या. दोनदा. मग म्हणाल्या, "जे नाव घ्याचं न्हाई, ते म्या घेतलं. आता लिवा."

लिहिणारा कारकून तरुण होता. त्याने अधिकाऱ्यांकडे पाहिले. अधिकारी म्हणाले, "आजी, काही कागद आहे का?"

कारकुनाची लेखणी हवेत थांबलेली मला आजही दिसते. ती माझीच होती. मी उठून म्हणालो, की साहेब, हीच चूक मी केली आहे, तिचेच कागद आपण आज चाळत बसला आहात, कृपा करून लिहून घ्या, अमान्य करा हवे तर, परंतु लिहून घ्या. त्यांनी मला खाली बसायला सांगितले. आदेशात ते नाव नाही. 'लेखी पुराव्याअभावी अर्ज निकाली' एवढेच आहे.

त्यानंतरचे तीन दिवस आरंभी सांगितले आहेत.

कुलूप बदलल्यावरही आक्कांचा सोमवार चुकला नाही. दाराला आता लोखंडी जाळी आहे आणि तिथे पहारेकरी असतो. तो फौजेतून निवृत्त झालेला, भला माणूस. "माताजी, आत सोडायची ऑर्डर नाही," असे तो दर सोमवारी हात जोडून सांगे.

"कुनाची आर्डर?"

"वरून आहे."

"वरचं मला म्हाईत न्हाई. खालच्यांची आनती, थांब." आणि जाळीला तोंड लावून त्या आत विचारत, कान देत, आणि वळून सांगत, "समदी व्हय म्हनत्यात. लंगडं सरकार तर म्हनतंय, त्या फौजीलाबी घेऊन ये."

तो हसे. जाळीतून बेलाची पाने आत टाकू देई. त्याच्या हातात तेवढेच होते.

ज्या सोमवारी पेटी बसली, त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. आत दिवे लागले होते. त्या पिवळ्या उजेडात सपाट शिळेवरची करडी पेटी स्पष्ट दिसत होती. तिच्यातून तारांच्या नळ्या निघून बाकीच्या अकरांवरच्या दिव्यांकडे जात होत्या. आक्का जाळी धरून बराच वेळ पाहत राहिल्या.  

"छातीवर ठोकलंय त्येनी," त्या म्हणाल्या. "पाजलं त्या जाग्यावर."

मी ठेकेदाराला फोन केला. तो मला समजावून सांगू लागला, की काका, तारा आणायला सोयीची तीच जागा होती, बाकी सगळीकडे समाध्या आहेत ना. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. तो माझा पंचनामा वाचूनच कामाला लागला होता.

दिवाळीनंतर आक्का अंथरुणाला खिळल्या. मी कोरेगावहून जाऊन त्यांच्या उशाशी बसलो. सून बाहेर चूल पेटवत होती. आक्कांचे हात सवयीने घोंगडीच्या दशा ओढत होते. डोळे मिटलेले होते, म्हणून मला वाटले झोपल्या.

"प्येटी निघाली का?"

"अजून नाही."

त्यांनी डोळे उघडले. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "मग तुमी हितं कशाला बसलाय?"

मी उठलो. चहा घेण्याइतकेही थांबलो नाही. त्यांनी थांबू दिले नसते. त्याच दुपारी विट्याच्या टपाल कचेरीतून मी रजिस्टर पत्र टाकले. आठवड्याच्या आत त्या गेल्या. त्या पत्राची पोच आली, उत्तर आले नाही.

त्यांनी कचेरीत उच्चारलेले नाव मला आता ठाऊक आहे. मी ते येथे छापणार नाही. ते नोंदीत जाण्यासाठी उच्चारले गेले होते. ज्या पाटीवर अकरा नावे आहेत, ती पाटी ही त्याची जागा आहे, माझा लेख नव्हे.

म्हणून, विश्वस्त मंडळाचे कार्यवाह, आणि जतन-खात्याचे अभियंते, मी आपणा दोघांकडे उत्तर मागतो. ते मला टपालाने पाठवू नका. माझी टपालपेटी आपल्या मौनाने भरली आहे. येत्या ग्रामसभेच्या दिवशी आपण त्या टेकडीवर या. राजघराण्यातील सुना तिथे असतील, माळावरचे धनगर असतील, मी माझे प्रतिज्ञापत्र घेऊन असेन. त्या सपाट शिळेसमोर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपण एवढेच सांगावे : आपण ज्या शिळेला भोके पाडली, तिच्यामागे कोणी बसलेले नाही, असे आपण शपथेवर म्हणता काय?

म्हणत असाल, तर म्हणा. म्हणू शकत नसाल, तर तिथेच, सर्वांदेखत, पेटी उतरवा.